जपानमध्ये इंग्रजी शिकवायला यायचंय? रोजचा दिवस कसा असतो ते आधी वाच

प्रश्न असा आलाय: "ताई, मी पुण्यात असते, बीए इंग्लिश झालंय, जपानीची एन-४ पास आहे, घरी मराठी पण शाळा इंग्लिश मिडीयम. जपानमध्ये इंग्रजीची टीचर म्हणून यायचा विचार आहे. आपल्याला घेतात का तिकडे? रोजचं आयुष्य नेमकं कसं असतं? आणि मी व्हेजिटेरियन आहे, निभेल का?"

घेतात, आणि निभेल. पण नुसतं एवढं सांगून तुझा काही उपयोग नाही, म्हणून सविस्तर लिहिते, जरा वेळ काढून वाच.

मी मूळची नाशिकची. २०१८ च्या एप्रिलमध्ये ओकायामा प्रांताच्या उत्तरेला, डोंगरातल्या एका छोट्या गावात आले आणि अजून तिथेच आहे. पहिली दोन वर्षं एका एजन्सीमार्फत काम केलं, मग गावच्या शिक्षण मंडळानेच थेट घेतलं. माझ्याकडे एक मिडल स्कूल (म्हणजे सातवी ते नववी) आणि तीन प्राथमिक शाळा आहेत, आठवड्याचे वार वाटून दिलेले. आमच्या पोस्टला सगळे एएलटी म्हणतात, म्हणजे असिस्टंट लँग्वेज टीचर. यातला असिस्टंट शब्द नीट लक्षात ठेव, कारण वर्ग आपला नसतो, तो जपानी शिक्षकाचा असतो, परीक्षा तेच घेतात, मार्कही तेच देतात, आपण त्यांच्या जोडीला उभं राहायचं. हे ज्यांना आधी कोणी सांगितलेलं नसतं त्यांचं पहिल्या सहा महिन्यांतच मन उडतं, मी असे बरेच जण बघितलेत.

दिवस कसा जातो ते सांगते. पावणेआठला शाळेत पोचायचं. दारात आधी गेन्कान लागतो, तिथे बाहेरचे बूट काढून खणात ठेवायचे आणि आतले बूट घालायचे, त्यांना उवाबाकी म्हणतात. आपल्याला दाराबाहेर चपला काढायची सवय असतेच त्यामुळे त्याचं काही वाटत नाही, पण प्रत्येक शाळेचे वेगळे आणि जिमचे पुन्हा वेगळे, त्यामुळे माझ्या गाडीच्या डिकीत कायम चार-पाच जोड असतात. मग स्टाफरूम. हा एक मोठा हॉल असतो, सगळ्यांची टेबलं एकमेकांना चिकटून, आणि समोर मध्यभागी उपमुख्याध्यापक, क्योतो-सेन्सेई. शाळेचं कुलूप सकाळी बहुतेक तेच उघडतात आणि रात्री तेच लावतात. आत शिरताना खणखणीत आवाजात ओहायो गोझाइमास म्हणायचं, सगळ्यांना ऐकू गेलं पाहिजे, मान खाली घालून गुपचूप जागेवर जाऊन बसलीस तर दिवसभर कोणी काही बोलणार नाही पण ते लक्षात राहतं.

सव्वाआठच्या सुमारास छोटी मीटिंग, सगळी जपानीत आणि भराभर. पहिलं वर्षभर मला त्यातलं निम्मंही कळायचं नाही. तुझी एन-४ आहे म्हणजे माझ्यापेक्षा तू पुढे आहेस, मी आले तेव्हा फक्त काना, म्हणजे जपानीतली साधी अक्षरं, वाचता यायचे. मी एक केलं, शेजारच्या टेबलावरच्या बाईंना रोज एकच प्रश्न विचारायचे, आज तासांच्या वेळा बदलल्यात का. कारण त्याच गोष्टीने घोळ होतो, कधी पाच-पाच मिनिटं कमी करून तास उरकतात, कधी सहावा तासच नसतो, आणि आपण भलत्याच वेळी भलत्याच वर्गाच्या दारात उभे.

तास मिडल स्कूलला ५० मिनिटांचा, प्राथमिकला ४५. २०२० च्या एप्रिलपासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झालाय, वर्षाला ७० तास, मार्कांसकट, आणि तिसरी-चौथीला ३५ तास, ते नुसतं खेळ-गाणी-बोलणं. आता गंमत बघ, प्राथमिकला हे बहुतेक वर्गशिक्षकांनीच शिकवायचं असतं, आणि त्यातल्या अनेकांनी कॉलेज संपल्यापासून इंग्रजीला हात लावलेला नसतो, त्यांनाच भीती वाटते. त्यामुळे तिथे तुझं अर्धं काम मुलांचं आणि अर्धं त्या शिक्षकांचं, त्यांना वर्गासमोर अवघडल्यासारखं होऊ द्यायचं नाही. मी तासाआधी कॉरिडॉरमध्ये त्यांच्याबरोबर दोन वाक्यं म्हणून घेते, मग ते वर्गात छान बोलतात, आणि आपले सर चुकत-माकत का होईना इंग्रजी बोलतायत हे मुलांना दिसलं की मुलंही बोलायला लागतात. मी बोलून जेवढा फरक पडत नाही तेवढा त्याने पडतो, हे मी अगदी अनुभवाने सांगते.

मिडल स्कूलला इंग्रजीचे वेगळे शिक्षक असतात, आणि तिसऱ्या वर्षाला हायस्कूलची प्रवेश परीक्षा सगळ्यांच्या डोक्यावर असते. तिथे काही जण तुला नुसतं टेप रेकॉर्डरसारखं वापरतील, धडा वाच, मुलं मागून म्हणतील, संपलं. याचं वाईट वाटतं, मलाही वाटायचं. पण त्या शिक्षकाच्या बाजूने पण बघ. ओईसीडी या विकसित देशांच्या संघटनेच्या २०१८ च्या पाहणीत जपानचे मिडल स्कूलचे शिक्षक आठवड्याला ५६ तास काम करतात असं निघालं होतं, भाग घेतलेल्या देशांत सगळ्यात जास्त, आणि सगळ्यांची सरासरी ३८ च्या आसपास. शिकवणं, क्लबची प्रॅक्टिस, पालकांचे फोन, सगळं त्यांच्याच गळ्यात. त्यांना तुझ्याबरोबर बसून तास प्लॅन करायला वेळ कुठून मिळणार. म्हणून मी प्लॅनिंग मीटिंग मागणं सोडून दिलं आणि त्याऐवजी आदल्या दिवशी एक कागद त्यांच्या टेबलावर ठेवायला लागले, उद्याच्या धड्यावर सात मिनिटांची एक ॲक्टिव्हिटी, लागलं तर वापरा, नाही लागलं तर राहू द्या. पहिल्या महिन्यात चारातला एक वापरला गेला. वर्षअखेरीला तेच सर विचारायला लागले, उद्याचं काय आणलंय?

आता जेवण, म्हणजे तुझा व्हेजिटेरियनचा प्रश्न. शाळेतलं जेवण म्हणजे क्यूशोकु, आणि शाळेतली सगळ्यात छान गोष्ट जर कुठली असेल तर ती ही. मुलं पांढरे ॲप्रन आणि टोप्या घालून स्वतः भांडी वर्गात आणतात, स्वतः वाढतात, आणि सगळ्यांना वाढून झाल्याशिवाय कोणी घास उचलत नाही, मग एकदम सगळे इतादाकिमास. त्याच्या अर्धा तास आधी मुख्याध्यापकांनी तेच जेवण खाऊन बघितलेलं असतं, मुलांच्या पोटात जाण्याआधी एका मोठ्या माणसाने खाल्लेलं असलं पाहिजे असा नियम आहे. मला हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं होतं. उरलेल्या वाटीसाठी मुलं जानकेन खेळतात, आपल्या दगड-कागद-कात्रीसारखं. शेवटी दुधाचे रिकामे खोके उघडून, धुऊन वाळत घालतात. यात शिक्षकही वर्गातच बसून मुलांबरोबर जेवतात, आणि बोलायची खरी संधी तिथे मिळते.

पण शाकाहारी माणसाला क्यूशोकु जमत नाही, हे स्पष्टच सांगते. भाजी दिसली तरी ती दाशीत शिजवलेली असते, म्हणजे माशाच्या पाण्यात, मिसो सूपमध्येही तेच, आणि करीच्या तयार मसाल्यात बऱ्याचदा बीफची चरबी असते. मी मासे खाते पण बीफ-पोर्क नाही, म्हणून महिन्याच्या सुरुवातीला मेनूचा तक्ता येतो त्यावर खुणा करून त्या दिवशी डबा नेते. तू सरळ पहिल्याच दिवशी सांग की मी रोज डबा आणणार आहे, घरच्या रीतीमुळे, आणि जेवायला मात्र वर्गात मुलांबरोबरच बसणार आहे. हे दुसरं वाक्य विसरू नकोस. नाहीतर ते तुला अडचण नको म्हणून स्टाफरूममध्ये एकटीला बसवतील, आणि मग रोजची ती वीस मिनिटं तुझ्या हातून जातील. डब्यात काय आहे यावरून पहिला आठवडाभर चर्चा होईल. माझी बटाट्याची भाजी बघून एक मुलगी म्हणाली होती, येल्लो पोटॅटो, व्हाय? त्यावर हळद हा विषय तीन दिवस पुरला.

घरी स्वयंपाकाचं अवघड नाही आता. तूरडाळ, पोहे, शेंगदाणे असं जवळजवळ सगळं टोकियोतल्या भारतीय दुकानांतून ऑनलाइन येतं, दोन-तीन दिवसांत कुरियरवाला दारात. फक्त गोडा मसाला आईकडूनच.

जेवणानंतर बहुतेक शाळांमध्ये सोजी, म्हणजे सफाई. स्पीकरवर गाणं लागतं आणि पंधरा-वीस मिनिटं मुलं-शिक्षक सगळे झाडू-फडकी घेऊन. तुला कोणी सांगणार नाही की तूही कर, पण कर. इथलीच एक आठवण सांगते म्हणजे तुला कळेल मी का म्हणतेय.

दुसऱ्या वर्षी मिडल स्कूलच्या पहिल्या वर्गात एक मुलगा होता, वर्षभर इंग्रजीच्या तासाला तोंडातून एक शब्द नाही. नाव विचारलं तर खाली बघणार. शिक्षक म्हणायचे, त्याला सोडा, तो जपानीतही फार बोलत नाही. त्याची सफाईची जागा जिन्यात होती, माझीही मी तीच मागून घेतली, मुद्दाम. गुडघ्यावर बसून पायऱ्या पुसायच्या, तो वरून खाली, मी खालून वर, मध्ये गाठ पडायची. आठवडाभर दोघं गप्प. मग एक दिवस त्याने फडकं पिळलं, पाणी काळंकुट्ट निघालं, आणि बादलीकडे बघत हळूच म्हणाला, डर्टी. मी म्हटलं, येस, व्हेरी डर्टी. तो म्हणाला, व्हेरी व्हेरी डर्टी. मग मी त्याला एक नवीन शब्द दिला, फिल्थी, आणि जीभ दातांत धरून दाखवली कारण जपानीत तो थ नाहीच. त्याने चार-पाच वेळा करून बघितलं, फिरुशी, फिरुसी, आणि मग एकदा बरोबर आला. दुसऱ्या दिवशी तासाला सरांनी विचारलं, हाऊ वॉज द वेदर यस्टरडे, कोणी हात वर करेना, आणि मागच्या बाकावरून आवाज आला, फिल्थी. आदल्या दिवशी पाऊस-चिखल होता, म्हणजे तसं बघितलं तर बरोबरच. सगळा वर्ग मागे वळला. सरांनी फळ्यावर तो शब्द लिहिला आणि म्हणाले, हा मलाही माहीत नव्हता. त्या मुलाचे कान लाल झाले होते पण मान वर होती.

वर्गातल्या ५० मिनिटांत मी त्याला हे देऊ शकले नसते, कारण चाळीस जोडी डोळ्यांसमोर चुकायची भीती इथल्या मुलांना फार असते. जिना, जेवण, बाहेरचं ग्राउंड, क्लबची वेळ, जिथे चुकलं तरी कोणी बघत नाही, तिथे इंग्रजी सुटतं. म्हणून तास नसला तरी स्टाफरूममध्ये कॉम्प्युटरला चिकटून बसू नकोस. कोविडमध्ये हेच सगळं गेलं होतं. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, उघडल्या तेव्हा जेवताना बोलायचं नाही, सगळ्यांनी फळ्याकडे तोंड करून गुपचूप जेवायचं, आणि तोंडावर मास्क. उच्चार शिकवायचा आणि तोंडच दाखवायचं नाही. पारदर्शक शील्ड लावून मी थ आणि फ दाखवायचे, मुलांचे ओठ मला दिसायचे नाहीत. त्या दोन-तीन वर्षांतली मुलं पुढे हायस्कूलला गेली तरी मला अजून वाटतं की त्यांचं बोलायचं वय आमच्या हातून निसटलं.

आता तुझ्या मनात असणारच तो प्रश्न, आपण काही अमेरिकन-ब्रिटिश नाही, मग आपलं इंग्रजी चालतं का. एजन्सीच्या पहिल्या ट्रेनिंगमध्ये मला एकाने तोंडावर सांगितलं होतं की शाळेत विचारलं तर लहानपणापासून घरी इंग्रजीच बोलायचे असं सांग. मी नाही सांगितलं, आणि तूही सांगू नकोस. उलट पहिल्या तासाला मी फळ्यावर लिहिते, माझी भाषा मराठी, इंग्रजी मी शाळेत शिकले, तुमच्यासारखीच. मुलांचे चेहरे तिथेच सैल होतात.

आणि हा नुसता धीर द्यायचा भाग नाही, शिकवताना खरोखर कामाला येतं. जपानी वाक्य आपल्यासारखंच चालतं, क्रियापद शेवटी. मी शाळेत जाते, वाताशि वा गाक्को नि इकु, शब्दाला शब्द लावून बघ, क्रम तोच, आपला 'त' जिथे चिकटतो तिथे त्यांचा 'नि'. इंग्रजीत जाताना त्यांना जी उलटापालट करावी लागते तीच आपण केलीय. ए आणि द कुठे लावायचं हे त्यांच्या भाषेत नाही, आपल्याही नाही, म्हणून 'आय हॅव डॉग' असं मुलगा का लिहितो हे मला आतून माहीत असतं. ज्याची मातृभाषाच इंग्रजी आहे असा माझा एक चांगला मित्र सहकारी म्हणायचा, मला एवढंच कळतं की ते चूक वाटतं, का ते सांगता येत नाही. मला सांगता येतं. उलट व्ही आणि डब्ल्यूचं मला आधी स्वतः आरशासमोर बसून शिकावं लागलं, आपल्याला दोन्हीकडे एकच व. एक महिना रोज वेस्ट आणि व्हेस्ट म्हणत होते, वरचे दात खालच्या ओठावर टेकतायत का बघत. मग वर्गात मी तो आरसाच नेला. नुसतं ऐकवण्यापेक्षा आरसा फार चांगला, एवढं करच.

एक अजून, हे तुला कुठल्या ट्रेनिंगमध्ये मिळणार नाही. सहावीच्या वर्गाला मी एकदा आपली मुळाक्षरं दाखवली, फळ्यावर अ, क, च, त, न, प, म, य, र, व असं उभं लिहिलं, आणि शेजारी त्यांचं अ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. आधी शांतता, मग एकदम गलका. क्रम तोच आहे. त्यांचा ह पूर्वी प होता, म्हणून तो आपल्या प च्या जागी बसलाय. हा क्रम तिकडे संस्कृतकडून गेला, बौद्ध भिक्षू सिद्धम ही संस्कृत लिहायची जुनी लिपी शिकायचे त्यातून. एक मुलगा म्हणाला, आमच्या आजोबांच्या थडग्यापाशी लाकडी पट्टी आहे तिच्यावर असली अक्षरं आहेत. शिंगोन या बौद्ध पंथाच्या कबरस्तानात खरंच असतात, मी जाऊन बघितली, डोंगराच्या कुशीत, शेवाळ धरलेले दगड आणि लाकडी पट्ट्यांवर सिद्धम अक्षरं. घरापासून इतक्या लांब उभी असून मला ती ओळखीची वाटली. त्यानंतर त्या वर्गाने इंडिया म्हणजे करी हे बोलणं सोडलं.

ओकायामा तुला मिळालं तर अजून एक सोय आहे. सिंहगड रोडवरची आपली पुणे-ओकायामा मैत्री बाग, तिचा फोटो घेऊन ये. ती इथल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलीय, आणि कोराकुएन इथल्या प्रत्येक मुलाने शाळेच्या सहलीत बघितलेली असते. दोन फोटो शेजारी ठेवून यातलं जपान कुठलं असं विचारलं की तास भरून निघतो.

गावातल्या राहण्याबद्दल थोडक्यात. ट्रेन तासा-दोन तासाला एक, त्यामुळे गाडी लागतेच, पिवळ्या नंबरप्लेटची छोटी गाडी पुरते. भारतातलं लायसन्स बदलून घ्यायला लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात, आणि ऑक्टोबर २०२५ पासून लेखी परीक्षा बरीच कडक केलीय, सो तयारी करून ये. थंडीत उत्तरेकडे बर्फ पडतं, घरात हीटिंग नसतं, रॉकेलचा स्टोव्ह आणि कोतात्सु, म्हणजे खाली हीटर आणि वर गोधडी असलेलं बुटकं टेबल, यावर भागवायचं. कचऱ्याचे वार पाळ, शेजारीण तुझ्याबद्दलचं मत त्यावरूनच बनवते. एकटेपणा येतो, पहिल्या डिसेंबरला तर फार. पाच वाजता गावभर भोंग्यावरून संध्याकाळची धून वाजते, अंधार पडलेला असतो, आणि फोन लावावा तर घरी दीड वाजलेला, सगळे वामकुक्षीत. टोकियोला निशि-कासाईमध्ये आपली माणसं भरपूर, गणपती होतो, मराठी मंडळ आहे, पण ते ओकायामा स्टेशनवरून शिन्कान्सेनने (बुलेट ट्रेन) सव्वातीन तास आणि तिकीट महाग. मी वर्षातून एकदा जाते. बाकी दिवस गावातल्या आज्यांबरोबर, त्या मला लोणचं घालायला शिकवतात, मी त्यांना. आणि इथे आपला माणूस कुठवर जाऊ शकतो तेही माहीत असू दे, योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये टोकियोतल्या एदोगावा वॉर्डच्या असेंब्लीवर निवडून आले आणि २०२३ मध्ये इबाराकी प्रांतातल्या एका नावाजलेल्या सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले.

मार्चमध्ये एक धक्का बसतो तो आधीच सांगून ठेवते. सरकारी शिक्षकांच्या बदल्या मार्चअखेरीस जाहीर होतात, पेपरात याद्या येतात, आणि एप्रिलमध्ये स्टाफरूममधले कितीतरी चेहरे नवीन. ज्या सरांबरोबर दोन वर्षं घालवून जमवून आणलं तेच गेले. मी पहिल्यांदा रडले होते. त्यातून निभावायचं तर तुझ्या ॲक्टिव्हिटीचे कागद नीट फाईल करून ठेव, नवीन माणसाच्या हातात पहिल्याच दिवशी देता येतात.

आता कुठल्या वाटेने यायचं, हे सगळ्यात नीट वाच कारण रोजचं आयुष्य सुखाचं की दुःखाचं हे निम्मं इथेच ठरतं. पहिली वाट जेट प्रोग्राम, १९८७ पासून चाललेला सरकारी कार्यक्रम, अर्ज जपानी दूतावासाकडे. २०२५ पासून पहिल्या वर्षाचा पगार साधारण ४० लाख २० हजार येन, जास्तीत जास्त पाच वर्षं. भारतातून जागा थोड्या असतात आणि कुठे टाकतील ते आपल्या हातात नाही, पण मिळाली तर डोळे झाकून ये.

दुसरी वाट एजन्सी. पगार कमी, आणि काही ठिकाणी ऑगस्टमध्ये शाळा बंद म्हणून अजून कापतात, मला पहिल्या वर्षी ऑगस्टच्या पगाराने घरभाडं भरून हातात जेमतेम जेवणाचे पैसे राहिले होते, आणि हे करारात होतं, मी वाचलं नव्हतं. आठवड्याचे तास २९.५ लिहिलेत का ते बघ, पूर्वी तसे लिहायचे म्हणजे आरोग्य विमा आणि पेन्शनच्या नोकरदार योजनेत घालावं लागू नये; ऑक्टोबर २०२४ पासून ५० पेक्षा जास्त कामगारांच्या कंपनीला आठवड्याला २० तासांवर असलेल्यांनाही बहुतेक घालावंच लागतं, पण छोट्या एजन्सीत अजूनही सगळा भार तुझ्यावर येऊ शकतो. आणि कराराचा प्रकार विचार, हाकेन (एजन्सी तुला शाळेच्या हाताखाली पाठवते) की ग्योमु इताकु (शाळा ते काम एजन्सीला कंत्राटाने देते). ग्योमु इताकु असेल तर कायद्याने शाळेतले शिक्षक तुला थेट सूचना देऊच शकत नाहीत, सगळं एजन्सीमार्फत. म्हणजे एका वर्गात दोघं उभे आणि एकमेकांना 'आता हे कर' म्हणायचं नाही. माझं पहिलं वर्ष असं गेलं, सर मला टाळतात असं वाटायचं, त्यांना बिचाऱ्यांना वरून सांगितलेलं होतं. हाकेन असेल तर बोलता तरी येतं.

तिसरी म्हणजे गावाने थेट घेणं, वर्षा-वर्षाचा करार, पण सुट्ट्या, विमा, बहुतेक ठिकाणी बोनसही. इथे आल्यावर ओळखीने मिळतं, भारतातून सहसा नाही. चौथी, संध्याकाळचे खासगी क्लास, एइकाइवा. मोठ्या शहरात राहायला मिळतं पण शनिवार-रविवार काम, आणि कंपनी किती भक्कम आहे ते बघ, २००७ च्या ऑक्टोबरमध्ये नोव्हा ही सगळ्यात मोठी कंपनी बुडाली तेव्हा हजारो परदेशी शिक्षक एका रात्रीत पगाराविना उरले होते. कुठल्याही वाटेने आलीस तरी दुसऱ्या वर्षीच्या जूनपासून रहिवासी कर सुरू होतो, मागच्या वर्षीच्या करपात्र कमाईच्या साधारण १० टक्के, त्याचे पैसे पहिल्या वर्षीच बाजूला टाक.

व्हिसा. सरकारी शाळेसाठी शिक्षकाचा व्हिसा लागतो, डिग्री हवी, आणि जी भाषा शिकवायची त्या भाषेत किमान बारा वर्षं शिक्षण झालेलं असायला हवं. तुझं इंग्लिश मिडीयम आहे त्यामुळे इथे तू बसतेस, पण ते कागदावर सिद्ध करावं लागतं, मार्कशीटवर माध्यम लिहिलेलं असेलच असं नाही. मला ऐन वेळी हे कळलं, शाळेने नाव बदललेलं, जुने मुख्याध्यापक रिटायर, ज्युनिअर कॉलेज वेगळ्या संस्थेचं, बाबा नाशिकमध्ये तीन आठवडे फेऱ्या मारत होते. तू आत्ताच पहिली ते दहावी ज्या शाळेत होतीस तिथून, अकरावी-बारावी ज्या कॉलेजमधून केलीस तिथून, आणि डिग्री कॉलेजमधून, तिन्हीकडून वेगवेगळं पत्र घे: लेटरहेडवर, तुझं पासपोर्टवर आहे तसंच नाव, कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत, शिक्षणाचं माध्यम इंग्रजी, सही-शिक्का आणि तारीख. प्रत्येकाच्या दोन मूळ प्रती. दिवाळीच्या सुट्टीत शाळेचं ऑफिस बंद असतं, त्याच्या आधी जा.